घरच्या घरी डान्स वर्कआउट व्हिडिओ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पडद्यासमोर उभे राहून नाचत व्यायाम करणाऱ्यांकडून, आणि करावा की नाही या विचारात असलेल्यांकडून, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न सर्वांसाठी आहेत, पुढचे विशिष्ट अडचणींचे. एका उत्तरात आलेला मजकूर दुसऱ्यात न उगाळता तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डान्स वर्कआउट व्हिडिओ आणि नाच शिकवणारा व्हिडिओ यांत फरक काय?

नाच शिकवणाऱ्या व्हिडिओत हालचाल नेमकी आणि देखणी होणे हे उद्दिष्ट असते, त्यामुळे शिकवणारी व्यक्ती थांबते, समजावते, मागे जाते. वर्कआउट व्हिडिओत सलग हलत राहणे हे उद्दिष्ट असते; म्हणून त्यातील स्टेप मुद्दाम सोप्या ठेवलेल्या असतात आणि आठ मोजांच्या चार फेऱ्या, म्हणजे ३२ मोजांचा एक तुकडा, अशा ठरावीक मांडणीत त्या परत परत येतात. ही पद्धत नवी नाही. अमेरिकी डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ साली एरोबिक व्यायामाची, म्हणजे दम वाढवणाऱ्या सलग हालचालींची, कल्पना सामान्य वाचकांपर्यंत पोहोचवली, त्यानंतर लवकरच तिला नाचाची जोड मिळाली, आणि १९८२ साली आलेल्या अभिनेत्री जेन फोंडा यांच्या व्हिडिओ कॅसेटने तो व्यायाम दिवाणखान्यात आणून बसवला. आज कॅसेटची जागा मोबाइलने घेतली आहे, एवढेच.

२. घरी व्हिडिओ बघून नाचल्याने खरोखर फिटनेस वाढतो का?

दम वाढवण्यासाठी, म्हणजे हृदय आणि फुप्फुसांच्या क्षमतेसाठी, हा व्यायाम निश्चितपणे उपयोगी आहे. मात्र त्याला एक अट आहे आणि नेमकी तीच बहुतेकांच्या नजरेतून निसटते. झुंबा या लॅटिन संगीतावर नाचत करायच्या व्यायामप्रकारावरील, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९ तरुण स्त्रियांची वर्ग चालू असताना मोजणी केली गेली. त्यांची हृदयगती सरासरीने कमाल गतीच्या ८० टक्क्यांच्या आसपास होती आणि दर मिनिटाला सुमारे ९.५ कॅलरी खर्च होत होत्या. हा जोर वेगाने चालण्याहून बराच अधिक आहे. परंतु त्या स्त्रियांना या प्रकाराची आधीपासून सवय होती आणि वर्ग प्रत्यक्ष शिक्षिकेसमोर होता. घरी एकट्याने, पहिल्यांदाच पाहिलेल्या व्हिडिओबरोबर नाचणाऱ्या माणसाला तेच आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

घरी काय होते ते पाहा. व्हिडिओ तीस मिनिटांचा असतो. पहिली दोन मिनिटे ओळख आणि स्वागतात जातात, प्रत्येक नव्या स्टेपला आपण हात कमरेवर ठेवून ती नीट बघून घेतो, मध्ये जाहिरात येते, पाणी प्यायले जाते, फोनवर एखादा संदेश झळकतो. पडद्यावर तीस मिनिटे झालेली असतात, पायांची मात्र अठरा किंवा वीसच. म्हणून व्हिडिओ परिणामकारक आहे का, या प्रश्नाचे उत्तर व्हिडिओत फारसे नसते. त्यातील किती मिनिटे आपण सलग हललो आणि त्या मिनिटांत धाप किती लागली, यात असते. एकदा फोन कोपऱ्यात उभा करून स्वतःचे चित्रण करावे आणि नंतर केवळ हालचालीची मिनिटे मोजावीत. आपण कसे दिसतो हे पाहून हिरमुसू नये. आपल्याला मिनिटे हवी आहेत.

दमाखेरीज तोल, चपळाई आणि हालचालींचा मेळ यांतही फरक पडतो. ताकदीच्या बाबतीत हा व्यायाम अपुरा आहे. त्याविषयी प्रश्न १२ पाहावा.

३. आठवड्यातून किती वेळ करायला हवे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम जोराचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा, किंवा दोहोंचे मिश्रण करावे. त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम असावा. अर्ध्या तासाचा मध्यम जोराचा व्हिडिओ आठवड्यातून पाच वेळा केला की खालची मर्यादा पूर्ण होते. पण तो अर्धा तास प्रश्न २ मध्ये सांगितलेल्या अर्थाने पायांचा असावा, पडद्याचा नव्हे. ज्यांनी आजवर काहीच केलेले नाही त्यांनी पहिल्या आठवड्यात दहा-पंधरा मिनिटांवर थांबणे अधिक शहाणपणाचे आहे. पहिल्याच दिवशी पाऊण तास नाचून पुढचे चार दिवस जिना उतरताना कठड्याला धरून चालणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

४. व्यायामाचा जोर पुरेसा आहे की नाही, हे कसे ओळखावे?

सर्वांत सोपी कसोटी बोलण्याची आहे. नाचता नाचता पूर्ण वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तेव्हा जोर मध्यम समजावा. चार-दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तेव्हा तो जोरकस समजावा. व्हिडिओबरोबर अख्खे कडवे आरामात गाता येत असेल, तर करमणूक होत आहे, व्यायाम अजून सुरू झालेला नाही.

आकड्यांत हवे असल्यास २०८ मधून वयाची ०.७ पट वजा केल्यावर कमाल हृदयगतीचा अंदाज मिळतो. पन्नास वर्षांच्या व्यक्तीसाठी तो १७३ येतो. त्याच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे मिनिटाला साधारण १११ ते १३१ ठोके, हा मध्यम जोराचा पट्टा आणि त्यावरचा जोरकस. हा अंदाज एकेका व्यक्तीबाबत दहा-बारा ठोक्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गटातील औषधे घेणाऱ्यांची नाडी औषधानेच दाबलेली असते, त्यामुळे त्यांनी या आकड्यांमागे न लागता बोलण्याच्या कसोटीवरच विसंबावे.

५. व्हिडिओवर “अर्ध्या तासात ५०० कॅलरी” असे लिहिलेले असते. ते खरे असते का?

बहुतेकांच्या बाबतीत नाही. खर्च होणारी ऊर्जा शरीराच्या वजनावर आणि हालचालीच्या जोरावर अवलंबून असते, त्यामुळे सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा असूच शकत नाही. व्यायामशास्त्रात हालचालींचा जोर मेट या एककात मोजतात. स्वस्थ बसलेल्या अवस्थेला १ मेट धरतात आणि तो दर किलो वजनामागे ताशी सुमारे १ कॅलरी इतका असतो. (येथे रूढ बोलण्याप्रमाणे किलोकॅलरीलाच कॅलरी म्हटले आहे.) उड्या नसलेल्या एरोबिक नाचाला साधारण ५ मेट आणि उड्या असलेल्याला ७ च्या थोडे वर धरले जाते. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीचे अर्ध्या तासात पहिल्या प्रकारात सुमारे १५० आणि दुसऱ्यात सुमारे २२० कॅलरी खर्च होतात. त्यातही ३० कॅलरी ती व्यक्ती नुसती बसून राहिली असती तरी खर्च झाल्याच असत्या. वजन ९० किलो असल्यास हे आकडे दीडपट होतात. अर्ध्या तासात ५०० चा पल्ला गाठायला वजन आणि जोर दोन्ही बरेच जास्त लागतात. मथळा लिहिणाऱ्याने त्यातले काहीच सांगितलेले नसते.

६. मग माझ्या मनगटावरच्या घड्याळावर विश्वास ठेवावा का?

ठोक्यांसाठी बऱ्यापैकी, कॅलरींसाठी नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१७ च्या एका अभ्यासात मनगटावरची सात उपकरणे ६० स्वयंसेवकांवर तपासली गेली. बहुतेक उपकरणांनी हृदयगती बऱ्यापैकी अचूक दाखवली. ऊर्जेच्या खर्चात मात्र सर्वांत चांगल्या उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के निघाली आणि सर्वांत वाईट उपकरणाची ९३ टक्के. ही तपासणी चालणे, धावणे आणि सायकल चालवणे यांवर झाली होती. नाचात अडचण आणखी वाढते, कारण हात सतत हलत असल्याने घड्याळ पावले चुकीची मोजते. शिवाय हात खांद्यांच्या वर धरून नाचले की हृदयगती वाढते, पण त्या प्रमाणात ऊर्जेचा खर्च वाढत नाही. त्यामुळे ठोक्यांवरून कॅलरी काढणारे घड्याळ अशा वेळी उदार होते. त्याचा उपयोग स्वतःच्याच मागच्या आठवड्याशी तुलना करण्यापुरता ठेवावा.

७. केवळ डान्स वर्कआउटने वजन कमी होईल का? “दहा दिवसांत पाच किलो” शक्य आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते निव्वळ गणिताचे आहे. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. पाच किलोंसाठी ३८,५०० आणि दहा दिवसांत त्या संपवायच्या तर रोज ३,८५० कॅलरींची तूट लागेल. प्रश्न ५ मधील हिशोबाने ६० किलोच्या व्यक्तीला त्यासाठी रोज सुमारे पावणेनऊ तास उड्या मारत नाचावे लागेल. पहिल्या आठवड्यात काट्यावर दिसणारी झपाट्याची घट ही मुख्यतः शरीरातील पाण्याची असते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, आहारात काहीच बदल न करता केवळ व्यायामाने होणारी घट सहसा माफक असते. व्यायामानंतर भूक वाढते, “आज नाचलो आहोत” या समाधानात एक घास जास्त जातो, आणि दमल्यामुळे उरलेल्या दिवसात आपल्या नकळत हालचाल कमी होते. ही भरपाई माणसागणिक कमीजास्त असते. तरीही कमी केलेले वजन पुन्हा वाढू न देण्यात नियमित व्यायामाचा मोठा वाटा असतो. आणि काटा जागचा हलला नाही तरी रक्तदाब, रक्तातील साखर, झोप आणि दम यांत सुधारणा होऊ शकते. केवळ वजनाच्या आकड्यावरून व्हिडिओ निरुपयोगी ठरवून सोडून देणे हा या व्यायामातला सर्वांत मोठा तोटा आहे.

८. पोट किंवा मांड्या कमी करणारे खास व्हिडिओ उपयोगी असतात का?

शरीराचा जो भाग हलतो तिथलीच चरबी वापरली जाते, असे होत नाही. ती कुठून आधी कमी होईल हे बरेचसे अनुवंश, लिंग आणि वय ठरवते. कंबर फिरवण्याने कंबरेचे स्नायू थकतात, त्यावरचा थर तिथेच वितळत नाही. तो व्हिडिओ आवडत असेल तर जरूर करावा, पण त्याच्या नावावर जाऊ नये.

९. मला अजिबात नाचता येत नाही. ताल सांभाळता आला नाही तर फायदा होतो का?

होतो. हृदयाला स्टेप बरोबर आहे की चूक हे कळत नाही. त्याला मोठे स्नायू सतत काम करत आहेत एवढेच जाणवते. तालाशी हालचाल जुळली तर मात्र एक जास्तीचा लाभ मिळतो. संगीत आणि व्यायाम यांवरील १३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात संगीतामुळे व्यायाम अधिक सुखद वाटतो, कामगिरी थोडी सुधारते आणि श्रम थोडे कमी जाणवतात, असे आढळले. नाचाचे खरे बळ येथेच आहे, आणि ते कॅलरींच्या तक्त्यात दिसत नाही.

व्यवहारात असे करावे की, पहिल्या काही दिवसांत फक्त पाय पकडावेत आणि हात सोडून द्यावेत. पाय अंगवळणी पडले की हात आपोआप येऊन मिळतात. स्टेप हुकली तर थांबून बघत राहण्याऐवजी जागच्या जागी पावले टाकत पुढच्या आठाची वाट पाहावी. एवढ्या एका सवयीने प्रश्न २ मधील वाया गेलेली मिनिटे बरीचशी परत मिळतात.

१०. समोरची व्यक्ती उजवीकडे जाते तेव्हा मी नेमके कुठे जायचे?

काही प्रशिक्षक आरशासारखे नाचतात: तोंडाने “उजवा” म्हणतात आणि स्वतः डावा पाय उचलतात, म्हणजे पडद्यावर जी बाजू हलते तीच आपली. काही जण पाठमोरे उभे राहतात, तेथे प्रश्नच उरत नाही. काही व्हिडिओंत मात्र समोर तोंड करून स्वतःचाच उजवा पाय वापरला जातो आणि मग गोंधळ उडतो. अशा वेळी शब्द ऐकू नयेत, पडद्यावर ज्या बाजूला हालचाल होते त्या बाजूला जावे. व्हिडिओच्या मांडणीतून वेग ०.७५ पट करून घेतला की पहिल्या एक-दोन वेळा स्टेप सहज बसते; पुढे वेग पूर्ववत करावा, नाहीतर जोर कमीच राहतो.

११. तोच व्हिडिओ कित्येक महिने करतो आहे. आता घामही येत नाही. काय करावे?

यामागे दोन कारणे असतात. एक तर दम खरोखर वाढलेला असतो आणि तेच काम हृदय आता कमी ठोक्यांत करते. दुसरे म्हणजे स्टेप सरावाची झाल्यामुळे फालतू हालचाली गळून जातात आणि शरीर कमी ऊर्जेत तोच नाच उरकते. पहिले कारण आनंदाचे आहे, पण दोहोंचा परिणाम एकच: जोर घटला.

नवा व्हिडिओ हा लगेच सुचणारा उपाय, पण तो सर्वांत चांगला असेलच असे नाही, कारण नवा व्हिडिओ पाठ होईपर्यंत पुन्हा थांबत-थांबत नाचणे आले. पाठ असलेला व्हिडिओ ही उलट मोठी मालमत्ता आहे. त्यात एकही सेकंद बघण्यात जात नाही. त्यातच गुडघे थोडे अधिक वाकवून कंबर खाली ठेवावी, पावले रुंद टाकावीत, वळणे पूर्ण करावीत, आणि सांध्यांची तक्रार नसेल तर निवडक ठिकाणी लहान उडी घ्यावी. आठवड्यातील एक दिवस नव्या व्हिडिओसाठी ठेवून उरलेले दिवस पाठ असलेल्यांना द्यावेत. घाम हे मात्र मोजमाप नव्हे. तो हवेतील उष्म्यावर आणि दमटपणावरही अवलंबून असतो.

१२. नाचासोबत ताकदीचा वेगळा व्यायाम करावा लागतो का? हातात डंबेल घेऊन नाचले तर चालेल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर हो. स्नायू बळकट व्हायचे तर त्यांच्यावरचा भार हळूहळू वाढत जावा लागतो. नाचात पायांवर फक्त आपल्याच वजनाचा भार येतो आणि तो वाढत नाही. पाठीच्या वरच्या भागाला आणि हातांना, विशेषतः ओढण्याच्या हालचालींना, जवळपास काहीच काम मिळत नाही. म्हणून आठवड्यातून दोन दिवस बैठका, भिंतीवर किंवा जमिनीवर जोर, पूल (पाठीवर झोपून कंबर उचलणे), प्लँक आणि रबरी पट्टा ओढण्याचा एखादा प्रकार इतके तरी जोडावे. वीस मिनिटे पुरतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नको असे आहे. तालावर झपाट्याने हात फिरवताना डंबेल स्नायूंनी उचलले न जाता झोक्याने फेकले जाते. ताकदीच्या दृष्टीने ते फार हलके आणि खांद्याच्या दृष्टीने फार वेगवान ठरते. नाच झाल्यावर, उभे राहून, सावकाश उचलावे.

१३. जागा, फरशी आणि बूट कसे असावेत?

दोन्ही हात पसरून चारही बाजूंना एकेक मोठे पाऊल टाकता आले की जागा पुरेशी आहे. पडदा डोळ्यांच्या उंचीला असावा. जमिनीवर ठेवलेल्या फोनकडे मान खाली घालून अर्धा तास नाचल्यास दुखणारी मान ही नाचामुळे दुखत नसते.

पायांविषयी अधिक सांगायला हवे, कारण बहुतेक इजा येथेच होतात. धावण्याचे बूट सरळ पुढे जाण्यासाठी बनवलेले असतात; त्यांचा जाड, मऊ तळ बाजूला पाऊल टाकताना घोटा मुरगळवू शकतो आणि खालची खाचदार पकड गिरकीच्या वेळी फरशीला चिकटून बसते. पाऊल जागेवर आणि शरीर फिरलेले, असे झाले की पीळ गुडघ्यावर येतो. तळ तुलनेने सपाट, बाजूंनी आधार देणारे आणि चवड्याखाली सहज फिरणारे बूट त्यामुळे अधिक योग्य. वळताना टाच उचलून चवड्यावर फिरावे. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर नाचू नये. अनवाणी नाचणे उड्या नसलेल्या व्हिडिओपुरते ठीक आहे. योगासनांची मॅट मात्र गुंडाळूनच ठेवावी, कारण ती एक तर सरकते किंवा पाय पकडून ठेवते.

१४. खालच्या मजल्यावर आवाज जातो. उड्यांशिवाय फायदा होतो का?

होतो. एक पाय कायम जमिनीवर राहील अशा प्रकारांना लो-इम्पॅक्ट म्हणतात. त्यात मध्यम जोर सहज गाठता येतो. उडीच्या जागी चवड्यावर उंच होणे, रुंद पाऊल टाकणे आणि गुडघा कंबरेपर्यंत उचलणे हे बदल करता येतात. हाडांच्या बळकटीसाठी उड्यांचा धक्का काही प्रमाणात उपयोगी असतो, तेवढा लाभ कमी होतो. ताकदीच्या व्यायामातून (प्रश्न १२) त्याची बरीच भरपाई होते.

१५. नाचल्यावर गुडघे दुखतात. बंद करावे का?

दुखणे कोणते आहे त्यावर ते ठरते. व्यायामानंतर एक ते तीन दिवस मांड्या आणि पोटऱ्या आखडणे, दोन्ही बाजूंना सारखे दुखणे, हालचाल केल्यावर सैल होणे हे नव्या श्रमाचे लक्षण आहे. सांध्यातच दुखणे, एकाच बाजूला दुखणे, सूज, गुडघा अडकणे किंवा अचानक दगा देणे ही लक्षणे वेगळी; त्यांत नाच थांबवून डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवावे. नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवता येईल असे दुखत असेल तर तेही दुर्लक्षू नये. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो.

सौम्य तक्रारीत आधी उड्या आणि गिरक्या काढाव्यात, गुडघा पायाच्या बोटांच्याच दिशेने वाकतो का हे आरशात पाहावे, वेळ निम्मा करावा आणि बूट तपासावेत. गुडघ्याच्या झिजेत व्यायाम पूर्ण बंद करणे सहसा उपकारक नसते. मांडीचे आणि नितंबाचे स्नायू मजबूत असतील तर गुडघ्याचा भार हलका होतो.

१६. व्हिडिओत वॉर्म-अप नसतो आणि शेवटी गाणे संपताच सगळे संपते. त्याने बिघडते का?

पहिली पाच मिनिटे जागच्या जागी चालणे, खांदे आणि कंबर सैल करणे, आणि व्हिडिओतल्याच स्टेप निम्म्या जोरात करणे पुरेसे आहे. शेवट मात्र अधिक जपण्यासारखा आहे. जोरकस नाचात पायांतील रक्तवाहिन्या फैलावलेल्या असतात आणि स्नायूंच्या हालचालीमुळे रक्त हृदयाकडे ढकलले जाते. पाय एकदम थांबले की रक्त खाली साचते, रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून गाणे संपल्यावर सोफ्यावर न कोसळता तीन ते पाच मिनिटे घरातल्या घरात फिरावे.

१७. वय ६५ च्या पुढे आहे. हे व्हिडिओ करावेत का?

अवश्य, योग्य व्हिडिओ निवडून. या वयासाठी जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणाऱ्या मिश्र हालचाली सुचवते. दिशा बदलणे, एका पायावर भार घेणे, मागे पाऊल टाकणे हे नाचात मुळातच असते. अमेरिकेतील ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शारीरिक छंदांपैकी नाच या एकाचाच स्मृतिभ्रंशाच्या कमी जोखमीशी संबंध आढळला होता. तो संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही. ज्यांची बुद्धी तल्लख राहिली तेच नाचत राहिले, असेही असू शकते. हा अभ्यास “नाचा आणि विसरभोळेपणा टाळा” अशा मथळ्यांखाली फिरतो, म्हणून एवढे सांगावे लागते.

जवळ भक्कम खुर्चीची पाठ असावी, जमिनीवर सतरंजी किंवा तारा नसाव्यात आणि गिरक्या टाळाव्यात. हाडे ठिसूळ झालेली असतील तर उड्या, पाठ वाकवून खाली झुकणे आणि झटक्याने कंबर पिळणे वर्ज्य करावे. तोल फारच जात असल्यास खुर्चीत बसून नाचण्याचे व्हिडिओही मिळतात. त्यांनी धाप लागू शकते.

१८. गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर चालेल का? उडी मारताना लघवीचे थेंब जातात, त्याचे काय?

गुंतागुंत नसलेल्या गर्भारपणात मध्यम जोराचा व्यायाम सुरक्षित मानला जातो, पण तो सुरू करण्यापूर्वी स्वतःच्या डॉक्टरांची संमती घ्यावी. पोट वाढते तसा शरीराचा तोल बदलतो, म्हणून उड्या, गिरक्या आणि पडण्याचा धोका असलेल्या स्टेप गाळाव्यात, फार उष्ण खोलीत नाचू नये. रक्तस्राव, पाणी जाणे, छातीत दुखणे, चक्कर किंवा नियमित कळा जाणवल्यास लगेच थांबून डॉक्टरांना कळवावे. बाळंतपणानंतर चालणे आणि ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम लवकर सुरू करता येतात. उड्या आणि धावणे यांसाठी मात्र किमान तीन महिने थांबावे, असा सल्ला तज्ज्ञ देतात. सिझेरियन झाले असल्यास डॉक्टरांना विचारूनच.

लघवीचे थेंब जाणे ही बाळंत झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही स्त्रियांत आढळणारी तक्रार आहे आणि संकोचापोटी ती बोलली जात नाही. “आता हे असेच चालायचे” म्हणून सोडून देण्याचे कारण नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून काही महिने नियमित केल्यास बहुतेकींना फरक पडतो. तोवर लो-इम्पॅक्ट प्रकार (प्रश्न १४) करावेत.

१९. मधुमेह किंवा रक्तदाब आहे. काय काळजी घ्यावी?

दोन्हींत नियमित व्यायामाचा फायदाच आहे, पण आधी डॉक्टरांशी बोलावे. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने अचानक उतरू शकते. ती आधी मोजावी; ९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर थोडे कर्बोदक घेऊन मगच सुरू करावे आणि साखर जवळ ठेवावी. साखर काही तासांनी, अगदी रात्री झोपेतही, उतरू शकते, म्हणून संध्याकाळी नाचणाऱ्यांनी अधिक सावध असावे. पायांची संवेदना कमी झाली असेल तर अनवाणी नाचू नये आणि नंतर तळवे पाहावेत. डोळ्यांच्या पडद्याला मधुमेहाने इजा झालेली असल्यास नेत्रतज्ज्ञांना विचारल्याखेरीज उड्या मारू नयेत.

रक्तदाब आटोक्यात नसेल तर तो आधी आटोक्यात आणावा. औषधांचा नाडीवर होणारा परिणाम प्रश्न ४ मध्ये सांगितला आहे. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, न शमणारी धाप किंवा भोवळ आली तर “गाणे संपू दे” असे म्हणू नये. तत्काळ थांबून वैद्यकीय मदत मागावी.

२०. चालायला जाणे चांगले की घरी नाचणे?

जे पुढच्या महिन्यातही चालू राहील ते. ब्रिटनमधील चाळिशीपुढच्या ४८ हजारांहून अधिक लोकांच्या नोंदींवर आधारित २०१६ च्या एका अभ्यासात मध्यम जोराचा नाच आणि मध्यम जोराचे चालणे या दोहोंचाही हृदयविकाराने होणाऱ्या कमी मृत्यूंशी संबंध आढळला. चालण्याला ऊन आणि मोकळी हवा मिळते. नाचाला पाऊस, अंधार आणि रस्ता यांची अडचण नसते. दोन्ही आलटून पालटून करणाऱ्यांच्या सांध्यांवर एकाच प्रकारचा ताण साचत नाही, म्हणून माझा कौल त्यांच्या बाजूने आहे.

२१. सलग अर्धा तास मिळत नाही. दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतील का?

चालतील. व्यायाम किमान दहा मिनिटे सलग असावा ही जुनी अट जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली काढून टाकली. एका गाण्याचा, चार मिनिटांचा तुकडाही हिशोबात धरता येतो. फक्त प्रत्येक तुकड्याच्या आरंभी थोडे सैल होण्याची मिनिटे लागतात, हे लक्षात ठेवून वेळ आखावा.

२२. जेवणानंतर किती वेळाने नाचावे?

पोटभर जेवणानंतर दीड-दोन तासांनी. हलक्या अल्पोपाहारानंतर अर्धा-पाऊण तास पुरतो.

२३. ताप किंवा सर्दी असताना केले तर चालेल का? खंड पडल्यावर कुठून सुरुवात करावी?

केवळ नाक वाहत असेल आणि बरे वाटत असेल तर निम्म्या जोरात हरकत नाही. ताप, अंगदुखी, छातीत कफ किंवा जुलाब असल्यास पूर्ण विश्रांती घ्यावी. तापात जोरकस व्यायाम केल्याने क्वचित हृदयाच्या स्नायूंना येणारी सूज बळावू शकते. ताप उतरल्यावरही एक-दोन दिवस जाऊ द्यावेत.

दोन-तीन आठवड्यांच्या खंडानंतर दम काहीसा उतरलेला असतो, पण स्टेप डोक्यात ताज्या असतात आणि त्यामुळे माणूस पहिल्याच दिवशी जुन्या जोमाने नाचू पाहतो. पाठ असलेलाच व्हिडिओ घ्यावा, पहिला आठवडा उड्या वगळून निम्मा वेळ करावा, आणि बोलण्याच्या कसोटीवर (प्रश्न ४) जोर मध्यमच्या वर जाऊ देऊ नये. दुसऱ्या आठवड्यात वेळ पूर्ववत करावा आणि उड्या त्यानंतर.